अल्बम घरात तयार होतो, ऐकवायचा कुठे?

शुक्रवार उजाडला की जगभरातले नवे संगीत एकाच वेळी प्रसिद्ध होते. १० जुलै २०१५पासून ध्वनिमुद्रण उद्योगाने शुक्रवार हा प्रकाशनाचा सामाईक दिवस ठरवला. तेव्हापासून मोठ्या कंपनीने जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतलेला अल्बम आणि ऐरोलीतल्या चार मुलांनी पगारातून पैसे बाजूला काढून केलेला अल्बम एकाच दिवशी, एकाच मोबाइलच्या पडद्यावर शेजारी-शेजारी येऊन बसतात. ही समानता दिसायला आकर्षक आहे. पण पहिल्या अल्बमच्या पाठीशी प्रसिद्धी, वितरण आणि मैफलींची भक्कम साखळी असते, तर दुसऱ्याच्या पाठीशी त्या चौघांचे मित्र असतात, आणि सोमवार येईपर्यंत तो अल्बम कुणाच्या नजरेस न पडताच खाली सरकलेला असतो. ठाणे आणि नवी मुंबईत पंक, ड्रीम पॉप आणि त्यांच्या आसपासचे संगीत करणारे जे छोटे, स्वतंत्र बँड आहेत, त्यांच्यापुढे अल्बम कसा करावा हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. तो चार माणसांसमोर उभे राहून वाजवावा कुठे, हा प्रश्न आहे. हा त्या मुलांचा खासगी प्रश्न नसून दोन्ही महापालिकांनी, म्हणजे पर्यायाने आपण नागरिकांनी सोडवायचा सार्वजनिक प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे.

अनेक वाचकांना या संगीताची ओळख नसेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. पंक म्हणजे दोन-अडीच मिनिटांचे, तीन-चार कॉर्डवर उभे राहिलेले, वेगवान आणि खरखरीत गाणे. त्यात गळ्याच्या तयारीपेक्षा सांगण्याची निकड मोठी असते. ड्रीम पॉपची प्रकृती नेमकी उलटी आहे. तिथे गिटारचा सूर रिव्हर्ब आणि डिले, म्हणजे यंत्राने दिलेला घुमारा आणि प्रतिध्वनी, यांमधून इतका पसरवतात की तो कुठे सुरू झाला आणि कुठे विरला हे कळू नये, आणि गाणाऱ्याचा आवाज शब्द पोचवण्यापेक्षा आणखी एक वाद्य म्हणून वावरतो. स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्स या बँडची गायिका एलिझाबेथ फ्रेझर काय गाते आहे हे इंग्रजी भाषकांनाही पुष्कळदा उमगत नाही, आणि तरीही त्यांचा १९९०चा ‘हेवन ऑर लास वेगास’ हा अल्बम आजच्या नव्या बँडना वाट दाखवतो आहे. आलापाची आणि तराण्याची सवय असलेल्या मराठी कानाला यात बिचकण्यासारखे काही नाही. आपल्या देशातही हे प्रवाह रुजलेले आहेत. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचे ड्रीम पॉप परदेशी कंपनीने प्रसिद्ध केले, आणि मुंबईत द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड यांसारख्या बँडनी पंकच्या भाषेत या महानगरातले तरुणपण मांडले.

हे दोन्ही प्रकार कानाला कितीही वेगळे वाटले, तरी त्यांच्या घडणीची रीत एकच आहे: मोठ्या कंपनीच्या दारात न थांबता आपले काम आपण करायचे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने डिसेंबर १९७६मध्ये चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मित्रांकडून व घरच्यांकडून उसन्या घेतलेल्या सुमारे ५०० पौंडांत, जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी स्वतःच बाजारात आणली. त्या तबकडीच्या वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात झाले आणि त्यावर नंतर काही वाद्ये चढवली का, हे छापले होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या स्क्रिटी पोलिटी या बँडने आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर निर्मितीच्या खर्चाचा तपशीलच दिला. गुपित ठेवण्यासारखे काही नाही, तुम्हीही हे करू शकता, असे त्या छपाईतून सांगितले जात होते. आमच्याकडच्या बँडनीही ही प्रथा उचलावी असे मला मनापासून वाटते, कारण अल्बमला किती खर्च येतो याबद्दल कॉलेजातल्या मुलांच्या मनात एकतर अवास्तव भीती असते किंवा तितकाच अवास्तव आत्मविश्वास.

मराठी वाचकाला ही वृत्ती नवी नाही. १९५५च्या सुमारास ‘शब्द’पासून सुरू झालेली आणि साठच्या दशकात बहरलेली लघुअनियतकालिकांची चळवळ याच जिद्दीतून उभी राहिली. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही नावे आज आपण आदराने घेतो. त्या वेळी प्रस्थापित मासिकांबाहेर राहून, हाताशी असेल त्या कागदावर, जमेल तितक्या प्रती काढून त्या पिढीने मराठी कवितेचा पोत बदलला. आणि प्रायोगिक नाटकाचे उदाहरण तर आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळचे आहे. १९७१मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह तिचे घर झाले. व्यावसायिक रंगमंचाचे भाडे ज्यांना कधीच परवडले नसते अशा कितीतरी संस्थांनी तिथे नाटके केली. त्या सभागृहात सोयी बेताच्याच होत्या, पण ते स्वस्त होते, रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि तिथे प्रयोग फसण्याची मुभा होती. पुढे त्या साऱ्या कामाला ‘छबिलदास चळवळ’ असे नाव पडले. एका अख्ख्या चळवळीला वास्तूचे नाव मिळते, तेव्हा ती वास्तू नुसती पार्श्वभूमी नसते; ती निर्मितीतला भागीदार असते. आजच्या स्वतंत्र बँडना लिहिण्याची उमेद आहे, यंत्रे आहेत, प्रसिद्ध करण्याची सोय आहे. छबिलदास मात्र नाही.

अल्बम कसा होतो हे एकदा जवळून पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, पोटमाळ्यावर, एका ठाणेकर बँडला मी काम करताना पाहिले आहे. रविवार होता, कारण बाकीचे सहा दिवस खाली यंत्रे चालतात. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, किक ड्रमच्या पोटात एक उशी कोंबलेली, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर ड्रमवरच्या माइकमध्ये उतरते. गिटार आणि गाणे घरच्या घरी, लॅपटॉप आणि छोट्या ऑडिओ इंटरफेसवर, शेजाऱ्यांना त्रास न देता मुद्रित करता येते. ड्रमचे तसे नाही. त्यामुळे या मंडळींचा सारा खटाटोप ड्रमभोवती फिरतो. ड्रमरने एका गाण्याचा शेवट पुन्हा-पुन्हा वाजवला, कारण क्रॅश झांजेचा नाद पूर्ण विरण्याआधीच बाहेरून टेम्पोचा हॉर्न आत शिरत होता. अखेरीस त्यांनी तो हॉर्न तसाच ठेवला. पुढे अल्बम आल्यावर हेडफोन लावून ते गाणे ऐकले, तर शेवटच्या काही सेकंदांत, गिटारच्या धुक्याआडून, वागळे इस्टेट स्पष्ट ऐकू येते. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीचा इतका खरा दस्तऐवज मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही, आणि तो अल्बम ऐकणारी माणसे किती असतील याचा विचार मनात आला की मला अस्वस्थ व्हायला होते.

कारण ऐकले जाण्याची आजची व्यवस्था छोट्यांना धार्जिणी नाही. स्पॉटिफायने २०२४पासून असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातला काहीही वाटा मिळणार नाही. ही रक्कम आधीही नगण्यच होती हे खरे, पण नगण्य मिळणे आणि तत्त्वतःच काही न मिळणे यांत फरक आहे. बँडकॅम्प हे २००८पासूनचे संकेतस्थळ छोट्या बँडचा मोठा आधार ठरले. तिथे श्रोता थेट बँडकडून अल्बम विकत घेतो आणि संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवून बाकी रक्कम बँडला देते. महासाथीच्या काळात, मार्च २०२०पासून, ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडून देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. मात्र हे संकेतस्थळ २०२२मध्ये एपिक गेम्सने घेतले, २०२३मध्ये साँगट्रेडरला विकले, आणि त्या हस्तांतरात निम्म्याच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. दूरदेशीच्या कंपन्यांच्या अशा खरेदी-विक्रीवर आपल्या शहरातल्या संगीताचे भवितव्य टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. शहराच्या हातात जे आहे ते शहराने करावे, आणि शहराच्या हातात जागा आहे.

आज या बँडना प्रत्यक्ष वाजवायचे तर जावे लागते ते मुंबईत, लोअर परळ, खार किंवा अंधेरीच्या बारमध्ये. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातला ब्लू फ्रॉग हा संगीत क्लब २००७मध्ये सुरू झाला आणि २०१६मध्ये बंद पडला. त्यानंतर जी ठिकाणे आली आणि गेली त्यांचे गणितही त्याच प्रकारचे होते. संगीत ऐकायला आलेला माणूस पिईल आणि खाईल, त्यातून जागेचे भाडे निघेल, या हिशेबावर ती चालतात. ती चालवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळेच आजवर काही तरी उभे राहिले. परंतु या हिशेबाचा एक परिणाम गंभीर आहे. महाराष्ट्रात बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी वयाची मर्यादा २१ वर्षे आहे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे. साहजिकच अशा ठिकाणी पुष्कळदा २१ वर्षांखालच्यांना प्रवेशच नसतो. म्हणजे ज्या वयात माणूस पहिल्यांदा गिटार हातात घेतो, ज्या वयात एखादा बँड डोळ्यांसमोर वाजताना पाहून आपणही हे करू शकतो असे वाटते, त्याच वयाला दार बंद. अकरावी-बारावीतली मुलगी, तिचा भाऊ, मद्यालयात पाऊल न ठेवणारे तिचे आईवडील, यांपैकी कुणीही तिथला श्रोता होऊ शकत नाही. आणि जे होऊ शकतात, त्यांना शेवटच्या लोकलची धास्ती असते. मुख्य बँड मंचावर येतो तेव्हा कळवा, कोपरखैरणे, बेलापूरची मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात.

वयाचा हा पेच अमेरिकेतल्या पंक मुलांनाही पडला होता, आणि त्यांनी काढलेला तोडगा आपण लक्षात घेण्याजोगा आहे. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडची मुले १९८०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेली, तेव्हा तिथल्या क्लबने त्या अल्पवयीन मुलांच्या हातावर काळ्या शाईने फुली मारली आणि त्यांना आत सोडले. फुली दिसली की दारू द्यायची नाही, एवढाच संकेत. त्यांनी ही पद्धत आपल्या गावी नेली. त्याच मुलांपैकी इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिस्कॉर्ड ही ध्वनिमुद्रण संस्था काढली, आणि मॅकायच्या पुढच्या फुगाझी या बँडने सर्व वयांना प्रवेश आणि साधारण पाच डॉलरचे तिकीट हा आग्रह वर्षानुवर्षे टिकवला. संगीत मद्यापासून वेगळे काढले की श्रोत्यांचे वर्तुळ किती मोठे होते, हे त्या एका शहराने दाखवून दिले.

त्याहूनही मला भावणारे उदाहरण अलीकडचे आहे. मे २०२१मध्ये लॉस एंजलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेत, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, द लिंडा लिंडाज हा मुलींचा पंक बँड वाजला. सर्वांत धाकटी, ड्रम वाजवणारी मुलगी दहा वर्षांची होती आणि सर्वांत मोठी सोळाची. वर्गातल्या एका मुलाच्या वांशिक शेऱ्यातून सुचलेले त्यांचे गाणे जगभर पाहिले गेले, एपिटाफ या स्वतंत्र कंपनीने त्यांना करारबद्ध केले, आणि २०२२मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, २०२४मध्ये दुसरा. हे एखाद्या क्लबमध्ये घडले नाही. करदात्यांच्या पैशांतून चालणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या, दिवसाउजेडी उघड्या जागेत घडले. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे. अत्रे कट्टा, अभिनय कट्टा, ब्रह्मांड कट्टा यांनी तिकीट न लावता, झाडाखाली वा उद्यानात, वक्ते आणि नट लोकांसमोर आणण्याची परंपरा या शहरात उभी केली. सार्वजनिक जागेत कला मांडणे हा ठाण्याचा जुना गुण आहे. तो गिटार आणि ड्रमपर्यंत पोचावा, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी मी नेमकी करतो. ठाण्यात गडकरी रंगायतन आहे आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. ही मोठी नाट्यगृहे नाटकांसाठी राहू द्यावीत, त्यांच्या तारखांसाठी नाट्यनिर्मात्यांचीच ओढाताण चाललेली असते आणि त्यात आणखी एक वाटेकरी घुसवणे योग्य नाही. तसेही शंभर-दीडशे श्रोत्यांच्या बँडला मोठ्या नाट्यगृहात बसवणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे करणे. पण घाणेकर नाट्यगृहात छोटे प्रेक्षागृहही आहे, उपवन तलावाकाठी आणि नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये खुली प्रेक्षागृहे आहेत, आणि सिडकोने बांधलेल्या रेल्वे स्थानकांच्या इमारतींत कुलूप लावून ठेवलेले गाळे येता-जाता दिसतात. दोन्ही महापालिकांनी यांतली प्रत्येकी एक छोटी जागा निवडावी आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, नाममात्र भाड्यात, स्वतःची रचना वाजवणाऱ्या बँडसाठी राखून ठेवावी. कार्यक्रम सातला सुरू व्हावा आणि दहाच्या आत संपावा. मद्य नको, वयाची अट नको. तिकीट दोनशे-तीनशे रुपये असावे. वस्तू व सेवा कराच्या नियमांतही संगीताच्या कार्यक्रमाचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त आहे, म्हणजे स्वस्त मैफलीला सवलत द्यावी हे तत्त्व केंद्राने आधीच मान्य केलेले आहे.

यावर पहिला आक्षेप आवाजाचा येईल, आणि तो गांभीर्यानेच घेतला पाहिजे. धोबी तलावचे रंगभवन हे एके काळी मुंबईतल्या रॉक श्रोत्यांचे हक्काचे ठिकाण होते. १९८०च्या दशकात सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव तिथेच मोठा झाला. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि तिथला मोठा आवाज थांबला. हे योग्यच झाले. आजारी माणसाची झोप कुठल्याही अल्बमपेक्षा मोठी आहे. पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नीट वाचले तर त्यांत वाटही आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे, मात्र बंदिस्त सभागृहांचा तिथे वेगळा विचार केलेला आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तर औद्योगिक भागात ती ७५ आणि रात्रीही ७० आहे. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रबाळे, महापे, तुर्भेची औद्योगिक वसाहत या दृष्टीने अत्यंत सोयीची आहे. संध्याकाळी यंत्रे थांबल्यावर तिथे त्रास होईल असे शेजारी फार थोडे असतात. तिथल्या एखाद-दुसऱ्या गाळ्याला सरावाची खोली आणि छोटे प्रेक्षागृह म्हणून अधिकृत परवानगी मिळाली, अग्निसुरक्षेची तपासणी करून तसा फलक लागला, तर आज जे काम पोटमाळ्यावर, एकाच जिन्याच्या भरवशावर चालते ते निर्धोक होईल. आणि जे शहर दहीहंडीच्या दिवशी चौकाचौकात ध्वनिवर्धकांच्या भिंती सहन करते, त्याला बंद दाराआडच्या, दहाच्या आत संपणाऱ्या कार्यक्रमाला आवाजाच्या कारणावरून नकार देण्याचा नैतिक अधिकार कितपत आहे, याचाही विचार व्हावा.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. हे संगीत आपले नाही, यातली बरीच गाणी इंग्रजीत असतात, मराठी माणसाच्या कराचा पैसा त्यावर का खर्चावा, असे विचारले जाईल, आणि विचारणाऱ्याच्या मनातली भाषेची काळजी मी नाकारत नाही. पण ज्या नाट्यसंगीताचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, त्याची साथ ऑर्गनवर होत असे, आणि पेटी तर युरोपातूनच आली. ती आकाशवाणीवर १९४०पासून तीन दशके वर्ज्य होती, कारण ती आपली नाही आणि आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत असे तेव्हाच्या जाणकारांचे म्हणणे होते. आज पेटीशिवाय आपल्याकडे भजन होत नाही. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यातून कुणाचे जगणे बोलते हे महत्त्वाचे. अभंग रीपोस्टसारख्या बँडने संतांचे अभंग बेस आणि गिटारच्या साथीने गायले, तेव्हा अभंग उणा झाला नाही. भाषेचा प्रश्नही मला जागेशीच जोडलेला दिसतो. जो बँड खारच्या बारमध्ये, अनोळखी आणि बहुभाषक श्रोत्यांपुढे वाजवतो, तो इंग्रजीत लिहितो यात नवल नाही. तोच बँड ठाण्यात, समोर मावशी, शेजारचे काका आणि शाळेतले सर बसलेले असताना वाजवू लागला, तर मराठी शब्द आपसूक ओठावर येतील. मराठीतला पंक अल्बम का येत नाही, अशी खंत करण्याआधी तो ज्यांच्यासमोर गायचा ते श्रोते आपण त्या मुलांना दिले आहेत का, हे पाहिले पाहिजे. पंकचा रोखठोकपणा आणि मराठीचा रोखठोकपणा यांचे गोत्र जुळते यावर माझा विश्वास आहे.

इथे वृत्तपत्रांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठीत नाटकाच्या समीक्षेची चांगली परंपरा आहे. हौशी स्पर्धेतल्या एकांकिकेलाही चार ओळी मिळतात. आपल्याच शहरातल्या बँडच्या अल्बमला मात्र मिळत नाहीत. चाळीस मिनिटांचा अल्बम ऐकून, तो कुठे जमला आणि कुठे फसला हे सरळ मराठीत लिहिणारा समीक्षक त्या बँडच्या किती उपयोगाचा असतो, हे कौतुकाच्या इमोजींवर वाढणाऱ्या मुलांना सांगावे लागत नाही. त्यांनाच ते सर्वांत जास्त ठाऊक असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याचे उत्तर नेरुळमध्येच आहे. डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९मध्ये यू टू हा आयरिश बँड वाजला, जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्या दिवसांत नवी मुंबईने रस्ते, पोलीस, स्थानके, सफाई सगळे पुरवले. कोल्डप्लेची तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. याच कोल्डप्लेने २०२५मधल्या हल आणि वेम्ब्लीच्या मैफलींतून मिळालेल्या आपल्या रकमेतला १० टक्के भाग ब्रिटनमधल्या छोट्या संगीतस्थळांसाठी झटणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेला देण्याचे जाहीर केले होते. तिथे मे २०२४मध्ये संसदेच्या समितीने स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर छोट्या जागांसाठी अधिभार लावावा अशी शिफारस केली आणि त्याच वर्षी सरकारने स्वेच्छा अधिभाराला पाठिंबा दिला. यामागचा विचार साधा आहे: स्टेडियम भरवणारा प्रत्येक बँड कधी तरी पन्नास श्रोत्यांसमोर वाजलेला असतो, आणि ती पन्नास श्रोत्यांची खोली बंद पडली तर काही वर्षांनी स्टेडियमसाठीही कुणी उरणार नाही.

आपल्याकडे अशा अधिभाराला घटनात्मक आधारही आहे. २०१६च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन केला, पण राज्य सूचीतील नोंद ६२मध्ये पंचायती आणि नगरपालिका-महापालिकांपुरता तो अधिकार शिल्लक ठेवला. राज्य शासनाने तशी तरतूद केल्यास नवी मुंबई महापालिका स्टेडियममधल्या कार्यक्रमांच्या तिकिटामागे एक छोटी रक्कम घेऊ शकेल. तोवर आयोजकांना परवानगी देतानाच स्वेच्छा वर्गणीचा आग्रह धरता येईल. तिकिटामागे ५० रुपये धरले, तर २,५०० रुपयांच्या सर्वांत स्वस्त तिकिटाचा तो २ टक्के भाग होतो. एका रात्री ४०,००० तिकिटे गेली असे मानले तर २० लाख रुपये जमतात, तीन रात्रींचे ६० लाख. मूळ खर्चाच्या बाबी मोजक्या आहेत: भिंती आणि छताचे ध्वनिरोधक काम, चांगली ध्वनियंत्रणा, गिटार आणि बेसचे ॲम्प्लिफायर, आणि जागेवरच ठेवलेला एक ड्रम संच, म्हणजे तो दर वेळी टेम्पोतून आणावा लागणार नाही. त्यावर एक पूर्णवेळ ध्वनितंत्रज्ञ नेमावा. तो शहरातल्याच तरुणांमधून मिळेल. त्याला पगार मिळेल आणि त्याच्या हाताखाली आणखी काही जण शिकतील.

तारखा वाटण्याची पद्धत मात्र आधीच ठरवून घ्यावी लागेल, कारण अशा योजना तिथेच बिघडतात. निवड समिती नको. समिती आली की शिफारस येते, शिफारशीबरोबर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा येतो, आणि मूळ रचना वाजवणारे बाहेर राहतात. दर तीन महिन्यांनी अर्ज मागवावेत. अटी दोनच, की कार्यक्रमातली बहुसंख्य गाणी स्वतःची असावीत आणि अर्जदारांपैकी एक तरी सदस्य ठाणे जिल्ह्याचा रहिवासी असावा. ज्यांचा पहिलाच अल्बम त्या तिमाहीत येत आहे त्यांना अग्रक्रम द्यावा आणि बाकीच्या तारखा सोडत काढून वाटाव्यात, तीही सर्वांसमोर, महापालिकेच्या आवारात. तिकिटांची पूर्ण रक्कम बँडकडे जावी आणि नाममात्र भाडे त्यांनी कार्यक्रमानंतर भरावे, आधी नव्हे. अनामत रकमेपोटी अडलेले बँड मला माहीत आहेत. दोन्ही महापालिकांची पुढची अंदाजपत्रके तयार होतील तेव्हा सांस्कृतिक कार्याच्या शीर्षाखाली या योजनेची स्वतंत्र ओळ असावी, यासाठी प्रभागातल्या नागरिकांनी, विशेषतः ज्यांच्या घरात गिटार वाजते अशा पालकांनी, आयुक्तांकडे आताच लेखी मागणी करावी.